औषध मारण्याआधी माती, पाणी आणि ऊन बघा: सोलापुरात नव्याने बाग करणाऱ्यांसाठी

सोलापुरात बाग सुरू केली की पहिल्या वर्षभरात एक वेळ हमखास येते. गुलाबाचा शेंडा पिवळा पडतो, मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपतात, टोमॅटोच्या बुडाला काळा चट्टा येतो. आपण दोन पानं तोडून कृषी सेवा केंद्रात नेतो, तिथे एक कीटकनाशक आणि एक बुरशीनाशक मिळतं, दोन्ही मारून होतात, आणि झाड होतं तसंच राहतं. कारण कीडही नसते आणि बुरशीही नसते. झाडाला इथली माती, इथलं पाणी किंवा इथलं ऊन सोसत नसतं.

हे शोधून काढायला मला बरीच वर्षं लागली, आणि कुणी क्रमाने सांगितलं असतं तर खूप झाडं वाचली असती असं वाटतं. म्हणून हा लेख. यातल्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा, कारण पुढच्या पायरीचं उत्तर बरेचदा मागच्या पायरीत सापडतं.

आधी आपल्या गावाची परिस्थिती लक्षात घ्या. सोलापूर पर्जन्यछायेत येतं. वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही सगळ्यात जास्त सप्टेंबरात. एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर राहतो. माती काळी, चिकण आणि बहुतेक ठिकाणी चुनखडीची. तिचा सामू, म्हणजे पीएच, ८ च्या आसपास किंवा त्याहून जास्त. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे बागेच्या वाट्याला बोरचं पाणी येतं. पुण्या-मुंबईच्या किंवा कोकणातल्या बागकामाचे सल्ले इथे जसेच्या तसे चालत नाहीत ते यामुळेच.

जवळ काय काय असावं

- दहापट मोठं दिसणारं छोटं भिंग आणि एक पांढरा कोरा कागद
- खुरपं आणि हातभर लांबीची बांबूची किंवा लोखंडी काडी
- टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र (पाणी शुद्धीकरण यंत्रं विकणाऱ्यांकडे स्वस्तात मिळतो)
- थोडं पांढरं व्हिनेगर
- मातीच्या नमुन्यासाठी स्वच्छ कापडी पिशवी, प्लास्टिकची बादली
- एक वही. काय घातलं, कधी घातलं, किती घातलं, एवढंच लिहायचं. मोबाईलमधले तारखेचे फोटोही चालतील, पण खताची मात्रा फोटोत दिसत नाही, म्हणून वही हवीच.

१. आधी ठरवा: जिवंत कारण आहे की निर्जीव?

पान उलटं करून भिंगातून बघा. कीड असेल तर ती स्वतः दिसते किंवा तिच्या खुणा दिसतात: चिकट थेंब, जाळी, विष्ठेचे काळे ठिपके, कुरतडलेल्या कडा, पांढरा कापूस. उन्हाळ्यात लाल कोळी फार फसवतो, कारण तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही आणि पान उन्हाने विटल्यासारखं वाटतं. फांदी पांढऱ्या कागदावर झटका. बारीक ठिपके पडून चालू लागले तर तो कोळी आहे, आणि हा लेख त्याच्यासाठी नाही.

काहीच सापडलं नाही तर चार पावलं मागे येऊन सगळी बाग बघा. रोग किंवा कीड सहसा एका जातीच्या झाडावर सुरू होते, कुठेतरी एका बाजूला दिसते आणि मग पसरते. परिस्थितीचा फटका मात्र एकदम, अनेक जातींना आणि ठरावीक जागी बसतो. जास्वंद, तुळस आणि मिरची तिघींची पानं एकाच आठवड्यात कडेने करपली, तर या तिघींवर एकच रोग यायची शक्यता फार कमी. फक्त पश्चिमेकडची पानं भाजली असतील तर ते ऊन. फक्त भिंतीलगतची रांग पिवळी असेल तर बांधकामाचा राडारोडा. एसीच्या बाहेरच्या यंत्रासमोरच्याच कुंड्या सुकत असतील तर कारण समोरच आहे.

दुसरी खूण वाढीची. आज जो डाग दिसतो त्याचा फोटो काढा आणि आठवड्याने पुन्हा बघा. उन्हाचा चट्टा होता तेवढाच राहतो. बुरशीचा डाग मोठा होतो, त्याला वलयं येतात, शेजारच्या पानावर नवे डाग उमटतात.

२. पिवळं पान नवं आहे की जुनं?

पिवळं पान दिसल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा. झाड काही अन्नद्रव्यं जुन्या पानांतून काढून नव्याला देऊ शकतं, काही देऊ शकत नाही, म्हणून पिवळेपणा कुठून सुरू झाला यावरून बरंच कळतं.

खालची जुनी पानं सगळीच्या सगळी फिकी पडत असतील तर नत्र कमी आहे किंवा मुळं काम करत नाहीत. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होत असतील तर पालाश कमी किंवा क्षार जास्त. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. तसंच चित्र वरच्या कोवळ्या पानांवर असेल, म्हणजे हिरव्या शिरांचं जाळं आणि मधे पिवळं, अगदी पांढुरकं पान, तर ते लोह. लिंबाची पानं लहान, अरुंद आणि जवळजवळ येत असतील तर जस्ताकडे बघा.

सोलापुरात यातलं सगळ्यात जास्त दिसतं ते लोहाचं. त्याच्याकडे पाचव्या पायरीत सविस्तर येऊ, कारण त्याआधी पाण्याचा निकाल लावावा लागतो.

३. वाफसा तपासा

शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती स्थिती झाडाला हवी असते: मातीत ओल आहे, पण हवाही आहे. मूठभर माती दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टिचकी मारली की फुटतो. गोळा चिखलासारखा दबत राहिला तर पाणी जास्त आहे. गोळाच होत नसेल तर कमी.

काळ्या मातीत वरून बघून काही कळत नाही. वरचा थर भेगाळलेला आणि वीतभर खाली चिखल, असं नेहमी असतं. काडी खोलवर घाला, बाहेर काढा, चिकटलेली माती बघा. मान टाकलेल्या झाडाला लगेच पाणी घालायचं नाही, आधी काडी. ओल्या मातीत उभं असलेलं झाड सुकतंय याचा अर्थ मुळांना हवा मिळत नाही, आणि तुम्ही पाणी घालाल तर ते आणखी गुदमरेल. घाईघाईने घातलेल्या पाण्याने मेलेली झाडं मी तहानेने मेलेल्यांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

मे महिन्यात दुपारी भोपळा, जास्वंद, वांगं पानं लोंबती सोडतात. मुळं जेवढं पाणी ओढतात त्याहून जास्त पानांतून उडतं, म्हणून. संध्याकाळी ती आपोआप ताठ होत असतील तर काही करू नका. सकाळी सात वाजताही लोंबत असतील तर मात्र खरी अडचण आहे.

जमिनीत झाड लावायचं असेल तर आधी निचरा तपासा. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशीही दिसत असेल तर त्या जागी सपाटीवर झाड लावू नका. जमिनीपेक्षा वीतभर किंवा थोडा जास्त उंच गादीवाफा करा, त्यात भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा आणि त्यावर लावा. सप्टेंबरात दोन दिवस झोडपणारा पाऊस पडतो तेव्हा हाच वीतभर उंचवटा पेरू-लिंबाचं रोप वाचवतो.

इथे दोन सल्ले हमखास मिळतात, दोन्ही टाळा. एक, काळ्या मातीत वाळू टाका. थोडी वाळू टाकली तर चिकणमाती तिच्याभोवती घट्ट बसते आणि वाळल्यावर विटेसारखी होते. फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते. त्याऐवजी कंपोस्ट घाला. दुसरा, कुंडीच्या तळाला खडी घाला म्हणजे निचरा होईल. होत नाही. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहज उतरत नाही, खडीच्या वरच साठून राहतं, आणि मुळांना मिळणारी जागा मात्र कमी होते. तळाला भोक मोकळं असणं आणि मिश्रण भुसभुशीत असणं पुरेसं आहे.

४. पाण्यातले क्षार मोजा

बोरचं पाणी टीडीएस मीटरने मोजा. आकडा ४५० पीपीएमच्या खाली असेल तर निर्धास्त राहा. ४५० ते २००० मध्ये सांभाळून वापरायचं, २००० च्या वर बहुतेक बागेतल्या झाडांसाठी वाईट. जमिनीत पाऊस क्षार धुऊन नेतो, कुंडीत ते साठत जातात, त्यामुळे कुंडीसाठी याहून कडक राहिलेलं बरं.

क्षारांची खूण ओळखायला सोपी आहे. पानाचं टोक आधी तपकिरी होतं, मग कड, आणि तपकिरी-हिरव्याच्या मधली रेघ ठळक दिसते. कुंडीच्या काठावर आणि मातीवर पांढरी पापडी धरते. बाहेरून लाल मातीच्या कुंडीवर पांढरे ओघळ येतात. बरेच जण ती बुरशी समजून त्यावर औषध मारतात. पापडी खरवडून काढा, वरची इंचभर माती बदला आणि कुंडी धुऊन घ्या.

धुणं म्हणजे कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओतून खालून जाऊ देणं: १० लिटरच्या कुंडीला २० लिटर. आपल्याकडे एवढं नळाचं पाणी उन्हाळ्यात बागेला घालणं योग्य नाही. म्हणून मी हे काम पावसावर सोपवते. मृगानंतर पहिला दणकून पाऊस येतो तेव्हा ओसरीतल्या, खिडकीतल्या सगळ्या कुंड्या उघड्यावर आणून ठेवा आणि त्यांच्याखालच्या ताटल्या काढा. एक चांगला पाऊस वर्षभराचे क्षार बऱ्यापैकी खाली नेतो. गच्चीच्या पाइपाखाली एक पिंप ठेवलंत तर मोगरा, शेवंती आणि रोपांपुरतं पावसाचं पाणी साठतंही.

तीन गोष्टी बागेत घालू नका: पाणी शुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी, वॉटर सॉफ्टनरमधून आलेलं पाणी आणि भांड्या-कपड्यांचं साबणाचं पाणी. पहिल्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. दुसऱ्यात सोडियम असतं, आणि काळ्या मातीला सोडियम मिळालं की ती चोपण होऊ लागते: ओली असताना लोण्यासारखी, वाळली की दगड. "पाणी फुकट कशाला घालवायचं" हा विचार मला पटतो, पण हे पाणी फरशी पुसायला, संडासात वापरायला न्या.

कोकोपीट आणलंत तर तेही आधी दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घ्या. न धुतलेल्या कोकोपीटमध्येही मीठ असू शकतं.

५. चुनखडी आणि केवडा

उसाच्या शेतात पानं पिवळी-पांढरी पडली की शेतकरी म्हणतात, ऊस केवड्यावर आला. तोच प्रकार आपल्या गुलाबावर, जास्वंदीवर, मोगऱ्यावर, पेरूवर, लिंबावर, शेवंतीवर होतो. गंमत नाही, खरोखर आपल्या मातीत लोह भरपूर आहे. पण चुनखडीमुळे सामू इतका चढतो की ते लोह विरघळत नाही आणि मुळांना उचलता येत नाही.

घरच्या घरी खात्री करा. कोरड्या मातीचं ढेकूळ घ्या, त्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर चुनखडी आहे. जितकं जोरात, तितकी जास्त. नव्या घराच्या आवारात हे नक्की करा, कारण तिथे गिलाव्याचं सिमेंट, चुना, काँक्रीटचे तुकडे मातीत गाडलेले असतात. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोडकडच्या नव्या वस्त्यांत राहणाऱ्यांना माझा आग्रहाचा सल्ला: झाड लावायच्या जागी दीड-दोन फूट खड्डा घेऊन राडारोडा बाहेर काढा आणि मगच माती भरा.

उपाय तीन पातळ्यांवर आहे.

लगेचचा उपाय म्हणजे फवारणी. एक लिटर कमी क्षाराच्या पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड. कोवळ्या रोपांना याच्या निम्मं. संध्याकाळी फवारा, कडक उन्हात पानं भाजतात. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. फरशीवर तांबडे डाग पडतात आणि ते जात नाहीत, म्हणून खाली काहीतरी अंथरा. फवारणीने पान हिरवं होतं, पण नंतर येणारं पान पुन्हा पिवळं येऊ शकतं, कारण मूळ कारण जमिनीत आहे.

दुसरी पातळी मातीतून लोह देण्याची. नुसती हिराकस चुनखडीच्या मातीत टाकली तर ती थोड्याच दिवसांत निकामी होते. ती चांगल्या कुजलेल्या शेणखतात किंवा गांडूळखतात मिसळून आठवडाभर मुरू द्या आणि मग आळ्यात घाला. दुकानात चिलेटेड लोह (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं लोह) मागितलंत तर बहुधा ईडीटीए प्रकारचं देतात. ते सामू साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही. आपल्या मातीत पैसे वाया. फवारणीला ते चालतं. मातीत द्यायचं असेल तर ईडीडीएचए लिहिलेलं मागा. लालसर-तपकिरी भुकटी असते, महाग असते, पण थोडीशी लागते आणि चुनखडीतही काम करते. मात्रा पाकिटावरची पाळा.

तिसरी पातळी म्हणजे परिस्थिती बदलणं, आणि खरं काम इथेच आहे. सतत ओल्या चुनखडीच्या मातीत केवडा वाढतो, म्हणून आधी वाफसा सांभाळा. ऑगस्ट-सप्टेंबरात पावसाच्या झडीत पानं पिवळी पडतात ती यामुळे; निचरा झाला की पुष्कळदा पुढची पानं आपोआप हिरवी येतात. डीएपी आणि हाडांचा चुरा सारखा घालू नका, कारण जास्तीचं स्फुरद लोहाची अडचण वाढवतं. दरवर्षी मृगाच्या आधी कुजलेलं शेणखत घाला.

आता सापळे. चुलीची किंवा होमाची राख आळ्यात घालू नका. राख आम्लारी, म्हणजे सामू चढवणारी असते. कोकणातल्या आंबट मातीत ती उपयोगाची, आपल्याकडे उलट काम करते. अंड्याची टरफलं कॅल्शियमसाठी घालतात, पण आपल्या मातीत कॅल्शियम आधीच भरमसाट आहे आणि सामू चढा असताना टरफलं विरघळतही नाहीत. जिप्सम चोपण जमिनीसाठी आहे, साध्या चुनखडीच्या जमिनीचा सामू त्याने उतरत नाही. गंधकाने उतरतो, पण मातीतली सगळी चुनखडी संपवायला लागेल एवढं गंधक परसात ओतणं शक्य नाही. कुंडीत किंवा खड्ड्यापुरतं थोडं गंधक शेणखताबरोबर दिलं तर तेवढ्या भागात फायदा होतो, तोही काही आठवड्यांनी, कारण मातीतल्या जिवाणूंना गंधकाचं आम्ल करायला वेळ लागतो.

आणि एक मत, आवडो न आवडो: अझेलिया, हायड्रेंजिया, गार्डेनियासारखी आंबट मातीची झाडं सोलापुरात जमिनीत लावू नका. डाळिंब, सीताफळ, बोर, शेवगा, कडुनिंब, बोगनवेल, कण्हेर, तगर आपल्या मातीत आनंदाने राहतात. आपल्या जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला आहे, ते उगाच नाही.

६. ऊन आणि गच्ची

उन्हाचा चट्टा पानाच्या किंवा फळाच्या फक्त उघड्या बाजूला येतो, सहसा पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला. आधी फिकट, मग पांढरा-तपकिरी, कागदासारखा कोरडा. डाळिंबावर आणि मिरचीवर स्पष्ट दिसतो. चट्टा परत हिरवा होत नाही. ते पान तोडू नका, कारण तेच खालच्या पानांना सावली देतं.

गच्चीवर खरा त्रास पानांना नसून मुळांना होतो. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या तापलेल्या फरशीवर ठेवल्या तर आतली माती इतकी गरम होते की पिशवीला लागून असलेली मुळं मरतात. झाड पाणी असूनही सुकतं. कुंड्या विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, एकमेकींना चिकटून ठेवा म्हणजे कडांना सावली मिळते, काळ्या कुंड्यांना बाहेरून पांढरा रंग द्या किंवा त्या मोठ्या कुंडीत ठेवून मधे पाचट भरा. मातीवर उसाचं पाचट, कडब्याचे तुकडे किंवा वाळका पाला दोन-तीन इंच पसरा. आपल्याकडे पाचट मुबलक मिळतं, आणि एवढ्या एका आच्छादनाने निम्म्या तक्रारी कमी होतात असा माझा अनुभव आहे.

पन्नास टक्क्यांची शेडनेट मार्चच्या मध्यापासून पश्चिमेकडून आणि डोक्यावर बांधा. झाडाला टेकवू नका, वर दोन-तीन फूट मोकळी हवा राहू द्या. पाऊस सुरू झाला की काढा. विसरलात तर ढगाळ जुलैत झाडं उंच, लुळी आणि बिनफुलांची होतात, आणि मग त्यासाठी टॉनिकच्या बाटल्या आणल्या जातात.

पाणी पहाटे किंवा सकाळी लवकर. नळीतलं साठलेलं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापतं. आधी ते बादलीत जाऊ द्या.

थंडीचं थोडक्यात: जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास कढीपत्ता, अडेनियम, मोगरा थांबतात, पानं गाळतात. ती झोप आहे. खत देऊ नका, पाणी कमी करा, फेब्रुवारीची वाट बघा.

७. फुलं गळतात, फळं तडकतात

टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा दबलेला चट्टा येतो तेव्हा बहुतेक जण बुरशीनाशक मारतात. फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून तो येतो. मातीत कॅल्शियम असतं, पण ते पाण्याबरोबरच प्रवास करतं. चार दिवस कोरडं आणि मग एकदम भरपूर पाणी असं झालं की पुरवठा तुटतो. टाकीला पाणी येईल त्या दिवशी बागेला पूर द्यायचा ही आपली सवय इथे नडते. रोज थोडं द्या, आच्छादन करा, युरियाचा हात आखडा. चट्टा आलेली फळं काढून टाका, पुढची चांगली येतील.

डाळिंब आणि लिंबू तडकतात तेही याच अनियमित पाण्यामुळे: ताण बसलेल्या फळाची साल कडक होते आणि अचानक पाणी मिळालं की दाणे फुगतात, साल फुगत नाही. डाळिंबात बोरॉनची कमतरताही असू शकते, पण ते माती तपासूनच द्या. बोरॉन थोडं जास्त झालं तरी पानांच्या कडा जाळतं.

टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची फुलं एप्रिल-मेत गळणार. दिवस ३५ अंशांच्या वर आणि रात्रीही उबदार असल्या की परागकण निकामी होतात. कोणत्याही फवारणीने ते बदलत नाही. सोलापुरात टोमॅटो ऑगस्ट-सप्टेंबरात लावा आणि हिवाळ्यात खा. उन्हाळ्यात गवार, भेंडी, चवळी, दोडका लावा.

८. शेंड्याची पानं दोरीसारखी झाली तर

टोमॅटो, मिरची, द्राक्ष, कापूस किंवा शेवंतीची नवी पानं अचानक अरुंद, वळलेली, शिरा समांतर अशी आली तर सगळे म्हणतात व्हायरस. झाडं उपटण्याआधी आजूबाजूला चौकशी करा. शेजारच्या ज्वारीत किंवा उसात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी हे तणनाशक मारलं असेल तर वाऱ्याबरोबर आलेला तुषारही एवढं करतो. देगाव, बाळे, कुंभारीसारख्या शहराच्या कडेच्या भागात हे लक्षात ठेवा. वेगवेगळ्या जातींची झाडं, सगळी एकाच वेळी, वारा येतो त्या बाजूला जास्त, आणि कीड नाही: मग तणनाशकच. उतारा नाही. नियमित पाणी द्या. थोडाच तुषार लागला असेल तर काही आठवड्यांत सरळ पान येतं. त्या झाडाची भाजी मात्र खाऊ नका.

भाड्याने किंवा उसना आणलेला पंप कधीच बागेत वापरू नका. तणनाशकाचा अंश नुसत्या पाण्याने निघत नाही.

९. नर्सरीतून आणलेलं रोप

रोप आणल्या आणल्या दुपारच्या उन्हात ठेवलं तर पानं गळतात, कारण ते शेडनेटखाली वाढलेलं असतं. आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण.

पिशवीतला लाल चिकणमातीचा गोळा तसाच काळ्या मातीत पुरला तर दोन मातींच्या सीमेवर पाणी अडतं. कधी गोळा कोरडा ठणठणीत आणि भोवती चिखल, कधी उलट. पावसाळ्यात लावताना बाहेरची बोटभर माती हलक्या हाताने मोकळी करा, गोल फिरलेली मुळं सरळ करा किंवा कापा. कलमाचा सांधा मातीच्या वर राहिला पाहिजे. नर्सरीवाले काका "रोज पाणी घाला" म्हणतात ते त्यांच्या पिशवीसाठी असतं. जमिनीत लावल्यावर काडी घालून बघूनच पाणी द्या. ताजं शेण खड्ड्यात नको, ते कुजताना मुळं जळतात.

१०. माती तपासून घ्या

दोन-तीन झाडांपुरती बाग असेल तर व्हिनेगर आणि काडी पुरे. फळझाडं लावणार असाल तर जिल्हा मृद चाचणी प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात नमुना द्या.

नमुना असा घ्या. वरचा पाला बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करा, त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारखी माती खरवडा. अशी पाच-सहा ठिकाणची माती प्लास्टिकच्या बादलीत एकत्र करा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, उरलेली पुन्हा मिसळा, असं करत अर्धा किलो ठेवा. सावलीत वाळवा. नुकतंच खत घातलेली जागा, झाडाचं बूड, शेणाच्या ढिगाजवळची जागा टाळा. खताच्या रिकाम्या पिशवीत माती भरू नका, अहवाल चुकतो.

पिशवीत चिठ्ठी: नाव, पत्ता, मोबाईल, गट किंवा प्लॉट क्रमांक, नमुन्याची तारीख, खोली, पाण्याचा स्रोत, आधी काय होतं, आता काय लावणार. मुक्त चुन्याची, म्हणजे मातीतल्या चुनखडीची, तपासणी हवी असं तोंडी सांगा. अहवाल आला की चार ओळी बघा: सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, मुक्त चुना. वाहकता १ च्या वर म्हणजे क्षार वाढत आहेत. सेंद्रिय कर्ब ०.४ टक्क्यांच्या खाली म्हणजे शेणखत वाढवा. मुक्त चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर लिंबूवर्गीय झाडांचा विचार पुन्हा करा.

११. एका वेळी एकच बदल, मग थांबा

हिराकस, एप्सम सॉल्ट, टॉनिक आणि नवी कुंडी, हे सगळं एकाच रविवारी केलंत तर कशाने बरं झालं ते कधीच कळणार नाही, आणि बिघडलं तरी कळणार नाही. एक बदल करा, वहीत लिहा, दोन-तीन आठवडे थांबा. बघायचं ते नव्या पानाकडे. करपलेलं जुनं पान हिरवं होत नाही, त्याच्याकडे बघत बसलात तर उपाय फसला असं वाटतं आणि तुम्ही दुसरं काहीतरी ओतता.

आजारी झाडाला खत देऊ नका. मुळं काम करत नसताना घातलेला युरिया हा नुसता आणखी एक क्षार असतो.

एवढं करूनही नवं पान चांगलं येत नसेल, खोडाला चीक येत असेल, एकेक फांदी वरून खाली वाळत असेल, किंवा मुळं काळी पडून वास येत असेल, तर ते या लेखाच्या बाहेरचं आहे. कृषी विज्ञान केंद्रात जा. सोबत आजारी आणि निरोगी, अशा दोन्ही फांद्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून न्या, थोडी मुळांजवळची माती वेगळ्या पिशवीत, पाण्याचा टीडीएस कागदावर आणि वही. प्लास्टिकमध्ये बंद करून उन्हात गाडीवर ठेवलेला नमुना तिथे पोचेपर्यंत कुजलेला असतो, म्हणून सकाळी काढा आणि सकाळीच पोचवा.